पहिल्या पावसाचं काळं पाणी थेट रामनदीत

प्रश्न : पुण्यात पाषाणला आमच्या सोसायटीचं पार्किंग ४०० चौरस मीटर, सगळं काँक्रीट. पहिल्या सरीला ऑइलचा तवंग, गुटख्याच्या पुड्या, सगळं जाळीतून रामनदीत जातं. बघवत नाही. काय करता येईल?

उत्तर : ताई, २५ मिमी पाऊस म्हणजे तुमच्याकडे १०,००० लिटर पाणी. कडेची फरशी काढून चर खणा. खाली खडी, वर वाळू मिसळलेली माती, त्यात कर्दळ आणि वाळा. गाळ, तेल बरंचसं तिथंच अडतं.

उत्तर : हे पाणी बोअरमध्ये मात्र सोडू नका! आमच्याकडे सोडलं, वर्षभर पाण्याला डिझेलचा वास. बोअरला फक्त गच्चीचं, तेही पहिल्या सरी सोडून.

प्रश्नकर्ती : बरं झालं सांगितलंत. कर्दळ दारातच आहे. रविवारी माळीकाकांना घेऊन चर आखते.