हॅलोवीन पार्टीसाठी लहान मुलांचे खेळ सुचवा (वय ४ ते ९, जागा कमी)

एडिसनची_आई
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. यंदा हॅलोवीन, म्हणजे ३१ ऑक्टोबर, शनिवारी आलाय आणि आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मुलांची पार्टी या वेळी आमच्याकडे करायचं ठरलंय. न्यू जर्सीत एडिसनला राहतो, टाउनहाऊस आहे, खालचा हॉल आणि मागचं छोटं डेक एवढीच जागा. एकूण १४ मुलं, सगळ्यात लहान ४ ची, सगळ्यात मोठा ९ चा. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि तीन-चार घरी अंडं चालत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी एका पार्टीला गेलो होतो तिथे कुणीतरी मुखवटा घालून दारामागून ओरडलं आणि माझी धाकटी इतकी घाबरली की पुढचे दोन आठवडे बाथरूमला एकटी जाईना. आता ती ४ ची आहे आणि परवा झोपताना हळूच विचारत होती, आई, आपल्याकडे पण तो येणार का? तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. ९ वर्षांच्यांना तर जरा भीती हवीच असते, नाहीतर कंटाळतात. दोघांचं जमेल असे खेळ सांगा ना, घरी करून बघितलेले असतील तर फारच बरं.

पाटा_वरवंटा
अगं नक्की जमेल, आमच्याकडे बरीच वर्षं होते ही पार्टी. माझं एकच सांगणं, भीतीची किल्ली मुलांच्या हातात दे. मोठ्यांनी मुलांना घाबरवायचंच नाही, मुलांनी मोठ्यांना घाबरवायचं. आणि जी घाबरते ना, तिला आतल्या गोटात घ्यायचं.

आमचा सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे हात घालायची खोकी. बुटांची चार-पाच खोकी घे, एका बाजूला हात जाईल एवढं भोक, वरून काळं कापड. आत वाडग्यात एकेक वस्तू. उकडून थंड केलेली स्पॅगेटी थोडं तेल लावून म्हणजे मेंदू, सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे हे सगळेच करतात, पण आपल्या डब्यातल्या वस्तू त्याहून भारी आहेत. भिजवलेला साबुदाणा म्हणजे बेडकाची अंडी, भिजवलेला सब्जा तर त्याहून बुळबुळीत. कोमट पाण्यात भिजवलेली आमसुलं म्हणजे वटवाघळाचे कान, इथल्या मुलांनी कधी हात लावलेला नसतो त्यामुळे कुणालाच ओळखता येत नाही!

आता मुख्य गोष्ट. माझा पुतण्या असाच घाबरट होता, ५ चा असेल तेव्हा. त्याला मी आदल्या दिवशी स्वयंपाकघरात उभं केलं, साबुदाणा त्यानेच भिजवला, खोक्यावर बेडूक त्यानेच काढला. पार्टीत तो टेबलाच्या मागे उभा राहिला आणि एकेकाला गंभीर आवाजात विचारायला लागला, "तयार आहेस?" त्याच्या दुप्पट वयाची पोरं हात मागे घेत होती आणि हा त्यांना धीर देत होता, काही करत नाही रे, घाल हात. तुझ्या लेकीला खोक्यांची मालकीण कर.

एक लक्षात ठेव, द्राक्षं खेळ झाला की लगेच उचलायची. लहान मुलांनी अख्खं द्राक्ष तोंडात टाकलं तर घशात अडकतं. खायला द्यायचीच तर उभी चिरून.

धाकटी_पाती
आउट व्हायचे खेळ शक्यतो नको. संगीत खुर्चीत ४ वर्षांचं पहिल्याच फेरीत बाहेर पडतं आणि मग पंधरा मिनिटं रडतं किंवा पडदे ओढतं. त्यापेक्षा गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, भुताचा, मांजराचा, जो वेश घातलाय त्याचा. हलला तर आउट नाही, एक उडी मारायची आणि परत खेळात. आपल्याकडे लिंबूटिंबू असायचे ना, तसे इथे सगळेच लिंबूटिंबू समजायचे.

ममी करायचा खेळ तर कराच, त्यात जागाही लागत नाही. जोड्या पाडायच्या, एक मोठं एक लहान. टॉयलेट पेपरचा एक रोल, तीन मिनिटं, लहान्याला गुंडाळायचं. चेहरा आणि मान मोकळी ठेवायची हे आधीच बजावून सांगा. स्वस्तातला पातळ पेपर दर दोन वेढ्यांना फाटतो आणि मुलं वैतागतात, त्यापेक्षा पार्टीच्या दुकानातली पांढरी क्रेप कागदाची पट्टी आणा, ती ताणली जाते. शेवटी सगळ्या ममींनी एकदम हात फाकवून पेपर फाडायचा, त्या एका क्षणासाठीच मुलं हा खेळ खेळतात असं मला वाटतं.

क्लाइडकाठचा
आम्ही ग्लासगोला. हॅलोवीन अमेरिकेत गेला तो इकडून, आयर्लंड-स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांबरोबर, आणि इकडचे जुने खेळ अजून खेळले जातात म्हणून लिहितोय.

एक म्हणजे दोरीला टांगलेला स्कोन, छोट्या गोल पावासारखा असतो. त्याला काळ्या पाकाने माखलेलं असतं आणि हात मागे बांधून नुसत्या तोंडाने खायचा. मुलांचे चेहरे, केस, कपडे सगळं चिकट होतं म्हणून खाली प्लास्टिक अंथरतात. तुमच्याकडे याचाच भाऊ म्हणजे डोनट, पण अंड्याचा प्रश्न आहे म्हणताय तर मेदूवडा टांगा! भोक आयतंच असतं. आम्ही फ्रोझन मेदूवडे आणून तळले, गार केले, दोन खुर्च्यांवर झाडूचा दांडा आडवा ठेवला आणि सुतळीने प्रत्येकाच्या हनुवटीच्या उंचीला बांधले. पातळ दोऱ्याने वडा कापला जातो, सुतळीच घ्या. हात मागे नुसते धरायला सांगायचे, बांधायचे नाहीत, पडलं कुणी तर हात टेकता आले पाहिजेत.

दुसरा पाण्यातली सफरचंदं पकडायचा. मूळ खेळात तोंड पाण्यात घालतात पण १४ मुलांनी एकाच टबात तोंड घालणं मला पटत नाही. इकडे त्याचा दुसरा प्रकार आहे, खुर्चीवर पाठमोरं गुडघ्यांवर उभं राहून दातात काटा धरायचा आणि खालच्या टबातल्या सफरचंदावर सोडायचा. लहानांसाठी मी तो चमच्यावर आणलाय, टबात पिंगपाँगचे चेंडू तरंगत सोडायचे, वर डोळे रंगवलेले, आणि एका हाताने सूपच्या डावाने उचलायचे. आमच्या ४ वर्षांच्याने अर्धा तास दुसरं काही केलं नाही.

आणि इकडची सगळ्यात छान पद्धत म्हणजे गायझिंग. वेश करून दारात आलेलं पोर आधी काहीतरी करून दाखवतं, गाणं, कविता, विनोद, मग त्याला खाऊ. फुकट मिळत नाही. पार्टीत शेवटी हेच ठेवा, प्रत्येकाने एक गोष्ट करून दाखवायची. आपल्या मुलांना शुभंकरोति येत असेल तर तेही चालेल, माझ्या मुलीने शेजाऱ्यांच्या दारात म्हटलं होतं, आजीबाईंनी दोन वेळा म्हणायला लावलं.

पूर्वी इकडे भोपळे नव्हते, सलगमसारखा एक कंद कोरून दिवा करायचे. तो कोरायला इतका कडक असतो की मनगट दुखतं. भोपळा परवडला.

एडिसनची_आई
वा, मेदूवडा डोक्यातच आला नसता! खोक्यांचं वाचून नवऱ्याला लगेच सांगितलं. अजून दोन प्रश्न. एक ओळखीचे म्हणत होते ड्राय आइस आणा, मस्त धूर येतो. आणि मोठ्यांसाठी अंधारातलं काही हवंय.

पाटा_वरवंटा
ड्राय आइस नको गं. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो, उणे ७८ अंश, नुसतं बोट लागलं तरी कातडी भाजल्यासारखी होते, आणि बंद खोलीत तो वायू साठत जातो, तोही खाली, म्हणजे नेमका मुलांच्या उंचीला. ४ वर्षांचं पोर त्या वाफेत हात घालणार म्हणजे घालणारच.

मेणबत्त्याही नकोत. वेश बहुतेक पॉलिएस्टरचे, झगे लोळणारे, क्षणात पेट घेतात. दिवाळी ८ नोव्हेंबरला आहेच, बॅटरीच्या पणत्या आत्ताच माळ्यावरून काढ, दोन्हीकडे वापर. फक्त खालचं झाकण स्क्रूचं आहे ना बघ, आतली बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर थेट इमर्जन्सीत न्यावं लागतं.

मुळामुठा
मी पुण्यातून, आमच्या सोसायटीतही हल्ली मुलं हट्ट धरतात म्हणून दोनदा केलंय. अंधारातला खेळ सांगते. पांढऱ्या चिंध्यांची २०-२५ छोटी भुतं करायची, आत कापसाचा गोळा, गळ्याला दोरा. घरभर लपवायची. दिवे मालवून प्रत्येकाला एक टॉर्च. मोठ्यांनी वरच्या जागची शोधायची, लहानांनी गुडघ्याच्या खालची, हा नियम आधी सांगायचा म्हणजे मोठे सगळी लाटत नाहीत. भूत मुलंच शोधत फिरतात ना, मग भूत त्यांना घाबरवत नाही. ग्लोस्टिकपेक्षा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या कांडीपेक्षा, टॉर्च बरा, लहान मुलं कांडी चावतात आणि आतलं द्रव तोंडात जाऊन आग आग होते.

आणि भोपळा आहे तर म्हातारीची गोष्ट विसरू नका! भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी. आम्ही लहान भोपळे काठीने ढकलत न्यायची शर्यत ठेवली, वाटेत एक वाघ एक अस्वल झालेले मोठे मुलगे बसवले, भोपळा त्यांच्यापाशी आला की सगळ्यांनी टुणुक टुणुक ओरडायचं की वाघाने बाजूला व्हायचं. भोपळा गडगडत नाही सरळ, वाकडातिकडा जातो, त्यातच मजा.

धाकटी_पाती
वेळेचं पण बघ. तिकडे ३१ ला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मुलांना खाऊ मागायला दारोदार जायचं असतं. ३ ते ५ पार्टी, दोनच तास. बक्षिसं गोळ्यांची नकोत, त्या रात्री मिळणारच आहेत, स्टिकर किंवा पेन्सिली बास. शाकाहारी घरांसाठी सांगते, कँडी कॉर्नच्या गोळ्या आणि मार्शमेलोत बहुतेक जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून करतात, आणि चॉकलेटचं प्रत्येक पाकीट शेंगदाण्यासाठी उलटून वाच. दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलास तर अ‍ॅलर्जीवाल्या मुलांसाठी खाऊऐवजी वस्तू आहेत हे तिकडच्या पालकांना कळतं.

एडिसनची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरी रंगीत तालीम केली. धाकटीने साबुदाण्यात हात घातला, दोन सेकंद गप्प, मग म्हणाली "हे तर उपासाचं आहे". मी म्हटलं हो, पण कुणाला सांगायचं नाही. तेव्हापासून बाबाला, आजीला व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांना सांगतेय की माझ्याकडे एक गुपित आहे. काल रात्री बाथरूमला स्वतः गेली, दार उघडं ठेवून, पण एकटी गेली.

वाडगं मात्र कलंडलं आणि साबुदाणा कार्पेटमध्ये गेला. ओला पुसू की वाळू देऊ?

पाटा_वरवंटा
वाळू दे. ओला चोळलास तर चिकट होऊन आत बसेल. सकाळी कडक झाला की व्हॅक्यूमने निघतो. आणि पार्टीच्या दिवशी खोक्यांखाली जुनी चादर घाल.