व्यवसाय: पोकर, वास्तव्य: चियांग माय (मला पटलेलं नाही)

टिल्टतात्या:
परवा 'मध्यरात्रीचा एक्का' यांनी लिहिलं, की २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, अ‍ॅपांनी पैशाचे खेळ बंद केले, म्हणून आपण हिंजवडीतली नोकरी सोडून ऑक्टोबरात थायलंडमधलं चियांग माय गाठलं, तिथून ऑनलाइन पोकर खेळायला. वर ठेवून दिलं की 'अंगात कौशल्य असलेला माणूस इथे कुजत बसणार नाही'. त्याखाली टाळ्यांचा पाऊस.

मी कुजत बसलेल्यांपैकी. २०१८ ते २०२३ ठाण्यात वन आरकेमध्ये बसून रात्र रात्र ऑनलाइन पोकरच्या टूर्नामेंट खेळलो. पहिली तीन वर्षं घर त्याच्यावर चाललं. म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

एक्कासाहेब, आपण जिंकत होतो ते कुणाकडून? आपल्या अ‍ॅपवर सगळे भारतातलेच खेळाडू. शुक्रवारी रात्री दोन पेग मारून बसलेला नागपूरचा एक बिल्डर होता, सत्ती-दुर्री हातात असली तरी ऑल-इन करायचा, म्हणजे समोरचे सगळे पैसे एकदम लावायचा. त्याच्या जिवावर मी फ्रिज घेतला. तो बिल्डर तुमच्या मागे चियांग मायला आलाय का? तिथून जगाच्या टेबलावर बसलात की समोर ब्राझील, रशिया, जर्मनीची पोरं. सॉल्व्हर (कुठल्या डावात काय खेळावं ते काढून देणारं सॉफ्टवेअर) पाठ केलेली, एका वेळी बारा टेबलं उघडणारी. कौशल्य तेवढंच राहिलं, पण मासे, म्हणजे त्या बिल्डरसारखे हरणारे कच्चे खेळाडू, इथेच राहिले. पुन्हा मोठ्या टूर्नामेंटा युरोपच्या संध्याकाळी, म्हणजे तुमच्या मध्यरात्री सुरू होणार आणि सकाळच्या उन्हात संपणार. त्यातच भाडं, व्हिसा, विमा. चार महिने पत्त्यांनी साथ दिली नाही तर काय, हे त्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

मध्यरात्रीचा एक्का:
तात्या, तुमचं दुकान बिल्डरमुळे चाललं आणि जीएसटीमुळे बसलं, ते आधी कबूल करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाच्या खात्यात १०० टाकले की २१.८८ जीएसटीत. काही अ‍ॅप बोनस देऊन भरून काढायची, पण तो पैसा कुठून यायचा? रेकमधून (प्रत्येक डावातून साइट कापते ते कमिशन), म्हणजे आपल्याच खिशातून. जिंकलं की ३० टक्के कर वेगळा. असल्या हिशेबात देव जरी बसला तरी हरेल.

आणि मी काही जगावेगळं केलेलं नाही. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट, अ‍ॅब्सोल्यूटच्या साइट बंद पाडल्या, तेव्हा तिथली पोरं मेक्सिकोत गेली, रोसारितो आणि प्लाया देल कार्मेनला. काही व्हँकूव्हरला. त्यांना कुणी पळपुटे म्हटलं नाही. आपल्याकडे आयटीवाला न्यू जर्सीला गेला की पेढे, मी चियांग मायला आलो की प्रवचन.

टिल्टतात्या:
२०११ चं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून. फुल टिल्टमध्ये ज्या अमेरिकनांचे पैसे अडकले, त्यांना ते मिळायला २०१४ उजाडलं. घर बदललं तरी पैसा साइटच्याच खात्यात असतो. आणि रोसारितोत जुगाराची भीती नव्हती. थायलंडमध्ये १९३५ चा जुगारबंदी कायदा आहे. परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते घरात ठेवणंही गुन्हा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी म्हाताऱ्यांना पोलिसांनी उचललं होतं, त्यात एक आजी ८४ वर्षांच्या! पैसे लावत नव्हते बिचारे. भारतातल्या कायद्यात निदान खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे तुम्ही सोडून गेलात कुठून आणि पोचलात कुठे?

मांडवीकाठ:
थायलंड कशाला, आमच्याकडे गोव्यात या की. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्याच आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर जीएसटी ४० टक्के झालाय, तरी शनिवारी पणजीत गाडी लावायला जागा नसते. माझ्या दुकानासमोर रात्री अडीच वाजता पुण्याच्या पासिंगच्या गाड्यांचे हॉर्न. हरलेले जास्त वाजवतात.

मध्यरात्रीचा एक्का:
ऑनलाइन पोकरचा विषय आहे, पार्किंगचा नाही.

मांडवीकाठ:
तुमचा ऑनलाइन बंद झाला म्हणूनच आमचं पार्किंग गेलं हो.

डोंबिवलीची आत्या:
इथे पुरुषमंडळीच बोलतायत म्हणून मी. माझ्या भाचीला गेल्या महिन्यात स्थळ आलं. बायोडेटावर शिक्षण बी.ई., उंची ५ फूट ९, व्यवसाय 'स्किल गेमिंग प्रोफेशनल', वास्तव्य थायलंड. माझ्या भावाला वाटलं, मुलांसाठी व्हिडिओ गेम बनवतो. कांदेपोहे झाले, मुलगा व्हिडिओ कॉलवर. तिकडे दुपारचे दीड वाजलेले आणि हा जांभया देतोय. भाचीने विचारलं, 'आत्ता उठलात?' म्हणाला, 'हो, रात्री बस्ट झालो.' भावाने फोनवर हात ठेवून मला विचारलं, बस्ट म्हणजे काय गं? (सगळे पैसे हरून खेळातून बाद, हे मला नंतर कळलं.)

मध्यरात्रीचा एक्का:
आत्या, तुम्ही हे मुद्दाम लिहिलंय. तो मुलगा मीच आहे, हे इथे चार जणांना कळणार.

डोंबिवलीची आत्या:
बाळा, मला नव्हतं माहीत! पण आता विषय निघालाच आहे तर, 'पोकर' असं स्पष्ट का नाही लिहिलंस?

मध्यरात्रीचा एक्का:
कारण पोकर लिहिलं की पत्रिका उघडतच नाहीत. तुमच्याच नात्यात 'ऑप्शन ट्रेडर' लिहिलेले किती आहेत ते मोजा. सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं, शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. तो चालतो. मी गेल्या वर्षी फायद्यात होतो, माझ्याकडे एकेका डावाची नोंद आहे, पण मी जुगारी.

सदाशिवसुत:
ऑप्शनवाला निदान घरी जेवायला असतो.

टिल्टतात्या:
सदाशिवसुत, उगाच पिन मारू नका. मला एक्का पटत नाही, पण बायोडेटाच्या बाबतीत तो खरं बोलतोय हे नाइलाजाने मान्य. माझ्या लग्नात मी 'ऑनलाइन व्यवसाय' लिहिलं होतं. सासऱ्यांना पाच महिने वाटत होतं मी साड्या विकतो. एका दिवाळीला त्यांनी घाऊक भाव विचारला तेव्हा सांगावं लागलं. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, रमी येते का?

डोंबिवलीची आत्या:
म्हणजे खोटं लिहायची परंपराच आहे तुमच्यात. माझी भाची बँकेत आहे, तिने 'आर्थिक क्षेत्रातील प्रोफेशनल' असं नाही लिहिलं. बँकेत क्लार्क लिहिलं. लाज वाटत असेल तर ते काम करू नये, आणि करायचंच तर लाज वाटून घेऊ नये.

मध्यरात्रीचा एक्का:
लाज मला नाही वाटत. माझ्या वडिलांना वाटते. शेजारी विचारतात तेव्हा ते 'कंपनीने थायलंडला पाठवलंय' सांगतात. हे लिहायचं नव्हतं, पण आता काय उरलंय.

सीए सांगलीकर:
लग्न राहू दे, फॉर्म बघू. व्हिसावर काय लिहिलंस?

मध्यरात्रीचा एक्का:
डीटीव्ही, थायलंडचा लांब मुदतीचा व्हिसा. बँकेत ५ लाख बाट दाखवले. कारण: मुए थाईचे (थाई बॉक्सिंगचे) वर्ग.

सदाशिवसुत:
हाहाहा. बायोडेटात गेमिंग, व्हिसावर कुस्ती!

मध्यरात्रीचा एक्का:
वर्गाला खरंच जातो. आठवड्यातून तीनदा. गुडघा सुजलाय, फोटो पाठवू?

सीए सांगलीकर:
ऑक्टोबरात गेलास असं तात्या लिहितात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर म्हणजे १८३ दिवस. १८२ भरले की त्या आर्थिक वर्षासाठी तू करापुरता भारताचा निवासी. म्हणजे मार्चपर्यंत तिथे जे जिंकलास त्यावरही इथे ३० टक्के लागतात, साइट कुठल्याही देशाची असो. ज्या करासाठी शिव्या दिल्यास तो तुझ्या सामानातच होता. शिवाय थायलंडमध्ये एका वर्षात १८० दिवस भरले की तिथलाही निवासी, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली तर तेही विचारतात. जूनमध्ये गेला असतास तर निदान पहिल्या वर्षी लढायला जागा होती.

मध्यरात्रीचा एक्का:
जूनमध्ये कायदाच नव्हता आला!

सीए सांगलीकर:
म्हणून तर म्हणतो, रागावून देश सोडला की तारीख चुकते.

मध्यरात्रीचा एक्का:
बरं. या वर्षाचा भरतो. पुढच्या वर्षापासून गणपतीला आठ दिवस, दिवाळीला दहा, झालंच तर एखादं लग्न (माझं नव्हे, आत्या). १८२ च्या जवळपासही जात नाही. मग?

टिल्टतात्या:
मग काही नाही. मासे नाहीत हा माझा मुद्दा तसाच आहे, त्यावर तू अजून एक अक्षर बोललेला नाहीस.

मध्यरात्रीचा एक्का:
कारण त्यावर बोलण्यासारखं नाही. डिसेंबरपासून मायनसमध्ये आहे. खालच्या बाय-इनवर, म्हणजे कमी प्रवेश-रकमेच्या टेबलांवर आलोय. तिथे अजून थोडे मासे मिळतात, बहुतेक कॅनडावाले, त्यांच्या सकाळी.

सीए सांगलीकर:
आणि वडील आजारी पडले, सहा-सात महिने इथे राहावं लागलं तर?

मध्यरात्रीचा एक्का:
तर येईन. राहीन. कर भरेन. झालं समाधान?

डोंबिवलीची आत्या:
एक्का, भाचीने तुझं सगळं वाचलंय. ती विचारतेय, गुडघ्याला काय लावतोस.