पावसाळ्यात वॉटरजेटचं गार्नेट तुंबतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दगड आणि पत्रा कापायचं वर्कशॉप आहे. कापायला वॉटरजेट आहे, म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्याच्या बारीक धारेने कापणारं मशीन. सध्या एका देवस्थानच्या सभामंडपाचं काम हातात आहे. काळ्या ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्या मार्बलचं कमळ बसवायचं, जाडी २० मिमी. महाजनांना ते चवथीआधी हवंय आणि पावसाने जोर धरल्यापासून मशीन दगा देतंय.

कट चालू असताना मधेच गार्नेट (धारेत मिसळायची वाळूसारखी कठीण पूड) यायचं थांबतं. नुसत्या पाण्यावर दगड कापला जात नाही. १९५०च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ यांनी लाकडावर प्रयोग केले. पुढे कागद, फोम, रबर असल्या मऊ मालावरच नुसता जेट चालला. दगड-लोखंड कापता यायला लागलं ते १९७९च्या सुमारास मोहम्मद हाशिश यांनी जेटमध्ये अब्रेसिव्ह, म्हणजे अशी घासून कापणारी पूड, मिसळल्यावर. त्यामुळे गार्नेट हुकलं की पाकळीच्या टोकाशी टवका उडतो आणि अख्खी पाकळी बाद. नक्षीतला सांधा जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवलाय, टवका त्यात लपत नाही.

सेटिंग: दाब ४,००० बारच्या आसपास, गार्नेट ८० मेश (दाण्याचं माप), ओरिफिस (पाण्याची धार काढणारं बारीक भोक) ०.३५ मिमी, नोझल (पाणी आणि गार्नेट बाहेर सोडणारी नळी) १.०२ मिमी.

काल गार्नेट आणणारी होज सोडवून बघितली. नोझलकडच्या टोकाला गार्नेट ओल्या चिखलासारखं घट्ट बसलेलं. वर हॉपरमधलं (गार्नेट भरायच्या टाकीतलं) मात्र बोटांतून सुळकन निसटत होतं. पोती फळ्यांवर, ताडपत्रीखाली ठेवतो. गार्नेट भाजून वापरावं का? हॉपरला हीटर लावून कोणाला फरक पडलाय का? कोकणपट्टीत हे मशीन चालवणाऱ्यांनी कृपया सांगा, काम देवाचं आहे आणि मार्बल परत त्याच छटेचा मिळेल याची खात्री नाही.

---

प्रतिसाद:

वरचं कोरडं आणि खालचं ओलं, म्हणजे पोत्यांचा दोष दिसत नाही. पाणी नोझलकडून होजमध्ये चढतंय. भाजायच्या भानगडीत पडू नका.

भोक पाडताना पाणी उलटं उसळतं. तेव्हा दाब कमी ठेवा, नोझल जरा वर घ्या. कट संपताना आधी गार्नेट बंद, मग क्षणभराने जेट बंद, म्हणजे होज रिकामी होते. हॉपरला कॉम्प्रेसरची हवा असेल तर ड्रायर आणि पाण्याचा ट्रॅप तपासा. या दिवसांत ट्रॅपमधलं पाणी रोज काढावं लागतं.

तरीही तुंबलं तर ओढ कमी पडतेय. जेटच्या वेगामुळे मिक्सिंग चेंबरमध्ये (पाणी आणि गार्नेट मिसळतं तिथे) व्हॅक्यूम होतो आणि तोच गार्नेट खेचतो. ओरिफिसची कड तुटली किंवा नोझल झिजलं की हा व्हॅक्यूम उतरतो. ओढ बोट लावून बघू नका, व्हॅक्यूम गेज लावा.

नोझलच्या तोंडाचा जवळून फोटो टाका. भोक गोल आहे की लांबट झालंय, त्यावरून बरंच कळेल.