अपडेटनंतर लॅपटॉप नुसता बसूनही ६० अंशांवर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. २०१८ पासून लिनक्सवर चालतोय. मागच्या रविवारी सिस्टीम पुढच्या आवृत्तीवर नेली आणि तेव्हापासून पंखा थांबायचं नाव घेत नाही. पूर्वी काही न करता ४४-४६ अंश असायचे, आता ५८-६०. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की ८५. चिपची मर्यादा १०० आहे, त्यामुळे काही जळणार नाही हे कळतं, पण मांडीवर ठेवता येत नाही.

"ऊन किती आहे बघा" हे कृपया नको. कोथरूडला वरच्या मजल्यावर राहतो, मे महिन्यात स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. म्हणूनच पहाटे साडेपाचला, खोलीत २६ अंश असताना मोजलं. तरी ५७.

तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नेऊन प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, पंख्यातली धूळ काढली (धूळ कसली, गोधडीच होती). दोन अंश उतरले. दुकानदार म्हणाला, "आता मशीनच बदला."

मग घरी बसून दोन गोष्टी केल्या. ग्रबच्या (सुरू होताना दिसणाऱ्या) मेनूतून जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, निवडला, काही फरक नाही. पेनड्राइव्हवरून याच नव्या आवृत्तीची लाइव्ह सिस्टीम (डिस्कवर न टाकता चालणारी) चालवली, तर ४५! टॉपमध्येही (कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते दाखवणारी कमांड) संशयास्पद काही नाही; पहिले दोन दिवस फाइलींचं इंडेक्सिंग चालू होतं, ते आता संपलंय. आणखी कुठे बघू?

प्रतिसाद

पेनड्राइव्हची चाचणी केलीत ते उत्तम, निम्मं उत्तर त्यातच आहे. कर्नल नाही, हार्डवेअरही नाही, तुमच्या डिस्कवरचं एखादं सेटिंग आहे. पॉवर प्रोफाइल (वेग हवा की वीजबचत, हे ठरवणारं सेटिंग) काय दाखवतंय ते बघा. वीज वाचवणारं जुनं टीएलपी टाकलेलं असेल तर तेही तपासा, ते आणि ही प्रोफाइल सांभाळणारा पॉवर प्रोफाइल्स डीमन एकत्र नांदत नाहीत, दोन्हींपैकी एकच ठेवा. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं सेटिंग) 'पॉवरसेव्ह' दिसला तर मात्र त्याला हात लावू नका. वेग सांभाळणाऱ्या इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये तेच नेहमीचं असतं, काम पडलं की वेग वाढतोच.

व्हिडिओचं दुखणं वेगळं वाटतंय. व्हीपी-नाइन आणि एव्ही-वन हे व्हिडिओ दाबून लहान करायचे प्रकार; तुमची चिप व्हीपी-नाइन स्वतः उलगडते, एव्ही-वन तिला येत नाही; इंटेलमध्ये ते अकराव्या पिढीपासून आलं. साइट एव्ही-वन पाठवत असेल तर सगळा भार कोअरवर पडतो.

धागाकर्ता

टीएलपी नव्हतंच. प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वर होतं. आता आठवलं, अपडेट झाल्या झाल्या वरच्या पट्टीत एक नवं बटण दिसलं होतं आणि ते मीच दाबून पाहिलं होतं. रीस्टार्ट केल्यावरही ते तसंच राहतं हे कुणाच्या ध्यानात येणार! 'बॅलन्स्ड' केल्यावर पाच मिनिटांत ४४.

व्हिडिओही एव्ही-वनच निघाला. ब्राउझरमध्ये ते बंद केलं, आता ६५ च्या आसपास राहतंय. खूप आभार. तापकीर गल्लीत मात्र यातलं काही सांगायला जाणार नाही.