आईला मल्टिपल मायलोमा आहे. आम्ही भावंडांनी तपासणी करावी का?

नमस्कार. आईला (वय ६९) दोन वर्षांपूर्वी मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाचं, निदान झालं. त्याआधी वर्षभर पाठ दुखत होती; मणक्याची झीज म्हणून शेक, पट्टा, कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. जिना चढताना दम लागायचा, तो वयामुळे असं आम्हीच ठरवून टाकलं. बादली उचलताना मणका मोडला तेव्हा कुठे नीट रक्ततपासणी झाली. हिमोग्लोबिन ७.८, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) वाढलेलं. औषधांनी आता बरी आहे, पण ते वर्ष माझ्या मनातून जात नाही.

मी ४४ वर्षांची, भाऊ ४१. दोघांनाही काहीच त्रास नाही. आईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मायलोमाच्या आधी 'एमगस' नावाची अवस्था असते. रक्तात थोडं एम प्रोटीन (त्याच पेशींनी बनवलेलं एक असाधारण प्रथिन) दिसतं, लक्षण एकही नसतं. एमगस असलेल्या शंभरांपैकी साधारण एकाचाच आजार वर्षभरात पुढे सरकतो. मात्र आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला मायलोमा असेल तर एमगस किंवा मायलोमा होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, त्रास नाही तर सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) पुरे. ती नॉर्मल आली. पण एमगस सीबीसीत कळत नाही ना? त्यासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी) लागते. तेवढी पुरेल की फ्री लाइट चेनची (अशा प्रथिनाच्या सुट्या तुकड्यांची) तपासणीही करावी? काहींच्या रक्तात फक्त लाइट चेनच वाढतात आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये त्या निसटू शकतात, असं वाचलंय.

भाऊ म्हणतो, "एमगसला औषधच नाही, मग कळून करायचं काय?" त्याचं अगदीच चूक नाही. आइसलँडमध्ये चाळिशीपुढच्या सगळ्यांना बोलावून ८० हजारांवर लोकांची नोंदणी केली, तीही अशा तपासणीचा खरंच फायदा होतो का हे बघायलाच. तरी मला वाटतं, आईचं एम प्रोटीन आधी माहीत असतं तर पाठदुखीकडे कुणी झीज म्हणून बघितलं नसतं.

घरात मायलोमा असताना कुणी स्वतःची तपासणी केली आहे का? कितव्या वर्षी? एमगस निघालं असेल तर किती महिन्यांनी परत बोलावतात, आणि मधले दिवस कसे जातात? नवीन आरोग्य विमा घेताना अडचण आली का? आम्ही नाशिकला असतो, पुण्याला जायची तयारी आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. माझ्यामुळे मुलांना घोर लागला, असं तिला वाटेल.