वर्षावासातील सामूहिक ध्यान : मंडळाच्या यादीवरील पत्रव्यवहार

प्रेषक : चिटणीस, मराठी मंडळ
विषय : रविवारच्या ध्यानवर्गाबाबत विचारणा

आदरणीय ताई,

सप्रेम जय भीम.

आपण आषाढ पौर्णिमेच्या आधीच छत्रपती संभाजीनगरला पोहोचलात आणि वर्षावासाचे तीनही महिने तिथेच राहणार आहात, असे कळले. इथे जर्मनीत मंडळाच्या गेल्या बैठकीत दर रविवारी सकाळी अर्धा तास ‘माइंडफुलनेस’चा वर्ग सुरू करावा अशी सूचना आली आणि ती बहुतेकांना आवडली. मतभेद झाले ते तपशिलांवर. आपल्याकडे सर्व धर्मांचे लोक येतात, तेव्हा त्रिसरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीलांची प्रतिज्ञा) बाजूला ठेवून केवळ श्वासाचा सराव घ्यावा, आणि शिकवणारे कोणी नसल्याने मोबाइलवरील ॲप लावून सर्वांनी बसावे, असे काहींचे म्हणणे आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना मांडी घालून बसणे जमणार नाही, हीही अडचण आहे. सभासदांकडून नाममात्र शुल्क घ्यावे किंवा नाही, हे ठरलेले नाही. आपण तिथे विहारात रोज बसता, तेव्हा सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस

---

विषय : उत्तर – रविवारच्या ध्यानवर्गाबाबत विचारणा

चिटणीस महोदय आणि मंडळातील सर्व बंधुभगिनींनो,

जय भीम, नमो बुद्धाय.

गुडघ्यांचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेते. आमच्या वसाहतीतील विहारात भिंतीलगत आठ-दहा खुर्च्या मांडलेल्या असतात आणि ज्येष्ठ मंडळी त्यांवर बसतात. पाठ ताठ आणि खांदे सैल असले की पुरे.

वर्षावासाची प्रथा मुळात भिक्खूंसाठी आहे. पावसाळ्यात फिरताना कोवळी रोपे आणि जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून त्यांनी तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, असा तो नियम. मराठवाड्यात हेच महिने सोयाबीन आणि कपाशीच्या खुरपणीचे असतात, त्यामुळे खेड्यांतील विहारांत किती लोक येतील हे पावसाच्या उघडिपीवर ठरते, आणि आमच्याकडे शहरात ते वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतील शिफ्टवर ठरते. संध्याकाळी साडेसातला वंदना होते, मग त्रिसरण आणि पंचशील, त्यानंतर बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन, मग वीस-पंचवीस मिनिटे आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देणे, आणि शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या कल्याणाची कामना. ज्यांनी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे, ते पहाटे पाचला वेगळे जमतात, कारण त्यांच्या शिस्तीत इतर पद्धतींची सरमिसळ करायची नसते. दोन्ही गटांनी आपापली वेळ पाळल्यामुळे कुरबुर होत नाही.

श्वासाकडे कसे पाहावे हे मला पुस्तकातून समजले नव्हते. ते आमच्या विहारातील एका निवृत्त टर्नर काकांनी समजावून दिले. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातील सतिपट्ठान सुत्तात कातारीचा, म्हणजे टर्नरचाच, दृष्टान्त आहे. कुशल कातारी किंवा त्याचा शागीर्द लाकूड कातताना लांब फेरा घेतो तेव्हा ‘मी लांब फेरा घेत आहे’ हे जाणतो आणि आखूड फेरा घेतो तेव्हा ‘आखूड फेरा घेत आहे’ हे जाणतो. त्याचप्रमाणे साधक दीर्घ श्वास दीर्घ म्हणून आणि ऱ्हस्व श्वास ऱ्हस्व म्हणून जाणतो. हे वाचन झाल्यावर काका म्हणाले की, लेथवर तीस वर्षे आपण हेच केले. कट चालू असताना हातावर जोर द्यायचा नसतो आणि लक्षही काढायचे नसते. हत्याराचा आवाज आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरून कट कसा चालला आहे ते कळत राहते, आणि मन घरी गेले की जॉब बिघडतो. त्या दिवसापर्यंत मी श्वास लांब करण्याच्या खटपटीत असायची. श्वास जसा असेल तसा जाणायचा आहे, त्याला वळण लावायचे नाही, हे मला त्यांच्या हातांकडे पाहून उमगले. ॲपबद्दलचे माझे उत्तर यातच आहे. ॲप वेळ सांगेल आणि घंटा वाजवील. परंतु माझी चूक ओळखून ती माझ्याच भाषेत सांगणारे माणूस शेजारी बसलेले असावे लागते.

आता त्रिसरण आणि पंचशीलाबद्दल. तिकडे ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवले जाते, त्याचा पुष्कळसा भाग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून आला आहे. त्यांनी बौद्ध साधनेतून सराव घेतला आणि रुग्णालयात चालावा म्हणून धार्मिक चौकट बाजूला ठेवली. आजारी माणसासाठी ते योग्यच होते, आणि त्याने अनेकांना आराम मिळाला आहे. आपले मंडळ मात्र रुग्णालय नाही, आणि आपल्याला ही साधना आपल्या माणसांकडून मिळालेली आहे.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले, त्याला मिलिंद या ग्रीक राजाचे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. त्याच मिलिंदाने नागसेन या भिक्खूला विचारले होते की सति, म्हणजे स्मृती किंवा सजगता, म्हणजे काय. नागसेन दोन लक्षणे सांगतो. राजाचा खजिनदार जसा सकाळ-संध्याकाळ राजाला त्याच्या हत्तींची, घोड्यांची, धनाची आठवण करून देतो, तशी सति कुशल काय आणि अकुशल काय याची मनाला आठवण देत राहते; आणि हिताचे काय, अहिताचे काय हे पाहून ती हिताचे धरते व अहिताचे दूर करते. कुशल-अकुशलाचा हा विवेक काढून टाकला, तर उरते ती निव्वळ एकाग्रता. पंचशील हवे ते यासाठी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर धर्मीयांची चिंता मला फारशी वाटत नाही. शेजारच्या एक वारकरी मावशी आठवड्यातून दोनदा आमच्याबरोबर बसतात. त्रिसरणाच्या वेळी त्या हात जोडून शांत राहतात आणि पंचशील मात्र सर्वांबरोबर म्हणतात. त्यांना कोणी आग्रह केला नाही आणि त्यांच्यासाठी कोणी त्रिसरण वगळलेही नाही. मंडळानेही असेच करावे.

शुल्क घेऊ नये. आपल्याच जिल्ह्यातील पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यात पैठणच्या एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, स्तंभ दान केल्याचा लेख आहे. ज्याला जमेल त्याने सभागृहाचे भाडे द्यावे, दुसऱ्याने चहा आणावा. आपल्या भागात ही रीत दोन हजार वर्षांची आहे.

आपली,
ताई

---

विषय : उत्तर – रविवारच्या ध्यानवर्गाबाबत विचारणा

आदरणीय ताई,

जय भीम. मी मूळचा लातूर जिल्ह्यातील. आपले पत्र आदराने वाचले, तरी एक शंका मांडतो. माझे वडील मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत होते. ते म्हणायचे की, आपल्या माणसांनी डोळे मिटले की अन्याय करणाऱ्यांचे फावते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो धम्म दिला तो माणसामाणसांतील संबंध बदलण्यासाठी दिला. तो आत पाहत बसण्याचा विषय होऊ नये, असे मला मनापासून वाटते. यावर आपले काय मत आहे?

आपला,
धाकटा भाऊ

---

विषय : उत्तर – रविवारच्या ध्यानवर्गाबाबत विचारणा

प्रिय भाऊ,

जय भीम. तुमच्या वडिलांची भीती खरी आहे आणि आमच्या विहारातील तरुण मुलेही हेच विचारतात. बाबासाहेबांनी अष्टांगमार्ग समजावताना सम्यक स्मृतीचा, म्हणजे सतिचाच, अर्थ मनाची सततची जागृती असा दिला आहे आणि दुष्ट वासनांवर मनाने ठेवलेला पहारा असेही तिला म्हटले आहे. पहारेकरी झोपलेला चालत नाही, एवढे मी मुलांना सांगते. परंतु तुम्हाला त्यापेक्षा थोडे अधिक सांगावेसे वाटते.

२७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील वस्त्या जळू लागल्या, तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि गावी होते. आमच्या वस्तीतील बायका-मुलांनी एक अख्खी रात्र ज्वारीच्या शेतात ओल्या मातीवर पडून काढली. पुढे शिक्षण झाले, नोकरी झाली, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तारही झाला, पण त्या रात्रीबद्दल मी घरात कधी बोलले नाही. विहारात आनापान करू लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात घसा आवळल्यासारखा झाला आणि ओल्या मातीचा वास आला. मी उठून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना दोन बाया मुद्दाम येऊन बसल्या, काही विचारले नाही. त्यांच्यामधे बसून मी पहिल्यांदा त्या भीतीकडे भीती म्हणून पाहिले, घशात कुठे आहे, किती आहे, कधी ओसरते, इतकेच पाहिले. सुत्तात वेदनानुपस्सना, म्हणजे संवेदनांचे निरीक्षण, म्हणतात ती हीच, हे मला नंतर कळले. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत नात आली, तेव्हा मी तिला ती रात्र पहिल्यांदा सगळी सांगितली, गावाच्या आणि माणसांच्या नावांसह. आता ती ते लिहून काढत आहे.

घरी एकटी, कानात ॲप लावून बसले असते तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले नसते. म्हणून चिटणीस महोदयांना माझी एक जोडविनंती आहे. वर्गात कोणी मधेच उठून बाहेर गेले, तर त्याच्याबरोबर एकाने जावे, आणि ज्यांच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

तिकडच्या सकाळी दहा वाजता इथे दुपारचा दीड वाजलेला असतो. पुढच्या रविवारपासून मी आणि टर्नर काका त्या वेळी विहारात बसू. भाऊ, तुम्हीही त्या दिवशी यावे, आणि बसून झाल्यावर वडिलांबद्दल चार शब्द सांगावेत.

आपली,
ताई