'बेडरॉक'साठी मराठी शब्द: तळखडक, कातळ की नुसताच खडक?

समासातली टीप
मराठवाड्यातील भूजलाविषयीच्या एका अहवालाचे भाषांतर करताना 'बेडरॉक'साठी मी 'तळखडक' हा शब्द योजला होता. तपासणाऱ्यांनी तो खोडला आणि बेसाल्ट (आपला काळा पाषाण) हा तळ नव्हेच, असा शेरा दिला. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर जे खोल छिद्र घेतले गेले, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर गाळाचा जेमतेम ८ मीटरांचा थर लागला आणि त्याखाली नाइस हा फार जुना खडक लागला. तळ म्हणायचेच तर त्याला म्हणावे, असे त्यांचे म्हणणे आहे. अहवालात मात्र माती-मुरमाखाली लागणाऱ्या काळ्या पाषाणाचीच चर्चा आहे. मग शब्द कोणता घ्यावा?

शुद्धमती
'नाइस' कशाला? पट्टिताश्म हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. खडकातले पट्टे त्यात डोळ्यांना दिसतात.

मुरूमखडी
पिंडाश्म, सुभाजा, पट्टिताश्म ही खडकांची नावे परीक्षेपुरती पाठ केली होती. पुढे कामावर असताना ती कोणाच्याही तोंडून ऐकली नाहीत. ('नाइस' वाचून खडक छान आहे असे वाटते, हे मात्र मान्य.) तपासणाऱ्यांनी बेडरॉक आणि बेसमेंट (सगळ्या थरांखालचा जुना पाया) यांची गल्लत केली आहे. मातीच्या आणि सुट्या दगडगोट्यांच्या आवरणाखाली जो सलग खडक असतो तो बेडरॉक, मग त्याचे वय काहीही असो. लातूरला तो बेसाल्ट आहे, भंडाऱ्याकडे बेसाल्ट नाही म्हणून तेथे नाइसच बेडरॉक ठरतो.

सात परस
आमच्या विहिरीचे काम मी लहानपणी काठावर बसून पाहिले आहे. टिकाव मुरमात रुतत असे आणि एकदा तो खणकन वाजला, तेव्हा मी 'खडक लागला' म्हणून ओरडलो. खालून उत्तर आले, "गुंडा आहे, खडक नाही." गड्यांनी बाजूने उकरले आणि कांद्यासारखी सालपटे सुटलेला एक गोल धोंडा दोराने वर काढला. खडक त्यानंतर दीड परस (परस हे विहिरीच्या खोलीचे जुने माप) खाली लागला. सुटा होऊन हलतो तो दगड किंवा धोंडा आणि जागचा हलत नाही तो खडक, हा भेद मराठीत पूर्वीपासून आहे. बेडरॉकमधला 'बेड' आपल्या 'लागणे' या क्रियापदात येऊन जातो, त्यामुळे नवा शब्द पाडण्याची गरज मला वाटत नाही.

मुरूमखडी
मग मुरूम कोणत्या बाजूला टाकणार? तोही जागच्या जागी कुजलेला बेसाल्टच असतो.

सात परस
म्हणून तर लोक कच्चा खडक आणि पक्का खडक असे म्हणतात. शिवाय मांजऱ्या वेगळाच: भोकाभोकांचा, त्या भोकांत पांढरे खडे भरलेला. आमच्या विहिरीला पाणी त्याच थरात लागले, वरच्या काळ्या पाषाणाने थेंब दिला नाही. अहवाल भूजलाचा असेल तर एकच शब्द शोधण्यापेक्षा हा भेद जपावा.

शुद्धमती
बोलीभाषेत अहवाल लिहिता येत नाही. 'कातळ' हा त्यातल्या त्यात भारदस्त शब्द आहे, तो घ्यावा.

सड्यावरून
कातळ मुळीच नको. आमच्या रत्नागिरीकडे कातळ जमिनीखाली नसतो, तो उघडाच असतो. सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मैलभर चालावे तो कातळ, ज्यावर कातळशिल्पे कोरली आहेत तोही कातळ. आणि तो काळा दिसला तरी फोडल्यावर तांबडा निघतो, कारण तो जांभा आहे. देशावरचा 'कातळ' वाचून कोकणातला माणूस भलताच खडक समजेल.

समासातली टीप
अहवाल परवा द्यायचा आहे. 'मुरमाखालचा पक्का खडक' असे लिहिले तर कोणाची हरकत आहे का?

शुद्धमती
तांबडा असेल तर त्याला 'जांभा' कसे म्हणतात? व्युत्पत्ती जांभळापासून आहे, हे उघड आहे.

सड्यावरून
खाणीतून नुकताच काढलेला चिरा पाहिला आहे का? त्यात तांबड्या-पिवळ्या रंगात जांभळट डाग असतात. तो तेव्हा इतका मऊ असतो की तासता येतो आणि वाऱ्यावर ठेवला की कडक होत जातो. बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अशाच दगडाला लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. त्यांना वीट दिसली, आपल्या लोकांना जांभूळ दिसले असेल.

मुरूमखडी
जांभळाची व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. रंगावरून नाव पडायचे तर ते तांबड्यावरून पडले असते. डाग पाहून कोणी खडकाचे बारसे करत नाही.

सड्यावरून
पट्टे पाहून मात्र करतात!